प्लॅस्टिकच्या पट्टीवर चांदीचे कण: पिवळा रंग मोजण्याआधी काय काय सांभाळायचं

चांदीचे नॅनोकण चढवलेली ओएचपी (ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या) शीटची अरुंद पट्टी खिडकीशी धरली तर ती केशराच्या पाण्यासारखी पिवळी दिसते. तीच पट्टी काळ्या कागदावर ठेवून जरा तिरकं पाहिलं की, कण बऱ्यापैकी दाट असतील तर, पृष्ठभागावर निळसर झाक दिसते. एकाच पट्टीचे हे दोन रंग ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, त्याला यूव्ही-व्हिजचा (अतिनील आणि दृश्य प्रकाशाचं शोषण मोजणाऱ्या मशीनचा) आलेख वाचायला निम्मा वेळ लागतो. म्हणून माझा पहिला सल्ला असा, की मशीनकडे जायच्या आधी पट्टी दोन्ही प्रकारे पाहा आणि दिसेल ते वहीत लिहा.

हा लेख त्यांच्यासाठी आहे ज्यांना जुलैमध्ये ‘पॉलिमरवरचे धातूचे नॅनोकण आणि त्यांचे प्रकाशीय गुणधर्म’ असा काहीतरी प्रकल्प मिळतो आणि मार्चमध्ये तो बांधून द्यायचा असतो. पुण्यात अशी मुलं दरवर्षी बरीच निघतात. एकीकडे गणेशखिंडीतलं विद्यापीठ, दुसरीकडे पाषाण रस्त्यावर एनसीएल, आयसर, सी-मेट या संशोधन संस्था; त्यामुळे ‘नॅनो’ हा शब्द इथल्या एम.एस्सी.च्या वर्गांत मिसळपावाइतकाच सर्रास ऐकू येतो. काम अवघड नाही. अडतं ते एकाच ठिकाणी: सगळ्यांचं लक्ष चांदीवर असतं आणि प्लॅस्टिकला कोणी विचारत नाही. पण कण ज्या पृष्ठभागावर वाढतात तो नुसता पाट नव्हे. तो स्वतः प्रकाश शोषतो, कणांच्या आजूबाजूचं माध्यम बदलतो आणि कण एकमेकांपासून किती लांब बसणार हेही तोच ठरवतो. पुढच्या प्रत्येक पायरीत ही गोष्ट आडवी येणार आहे.

रंग येतो कुठून

धातूत मोकळे इलेक्ट्रॉन असतात. कण प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा पुष्कळ लहान असला की प्रकाशाचं विद्युतक्षेत्र त्यातल्या सगळ्या इलेक्ट्रॉनांना एकदम एका बाजूला ढकलतं. मागे राहिलेला धन भार त्यांना परत ओढतो. असा झोका सुरू होतो आणि झोक्याला असते तशी त्यालाही स्वतःची एक लय असते. प्रकाशाची लय तिच्याशी जुळली की शोषण आणि विकिरण (प्रकाश इकडेतिकडे विखुरणं) दोन्ही जोरात होतात. यालाच प्लाझ्मॉन अनुनाद म्हणतात. गोल कणांचं पूर्ण गणित गुस्ताव मी या जर्मन शास्त्रज्ञाने १९०८ मध्ये मांडलं. अगदी लहान कणांसाठी त्यातून एक साधी अट निघते: धातूचा परावैद्युतांक (पदार्थ विद्युतक्षेत्राला कसा प्रतिसाद देतो ते सांगणारा आकडा; पारदर्शक माध्यमात तो अपवर्तनांकाचा वर्ग) आजूबाजूच्या माध्यमाच्या परावैद्युतांकाच्या उणे दुप्पट झाला की अनुनाद होतो.

या अटीत माध्यम बसलेलं आहे, हे नीट लक्षात घ्या. चांदीचा लहानसा गोल कण हवेत किंवा निर्वातात असेल तर अनुनाद ३५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास येतो (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). पाण्यात तोच ३८० ते ४०० मध्ये जातो आणि दीड अपवर्तनांकाच्या पॉलिमरमध्ये पूर्ण बुडवला तर ४०० च्या पुढेमागे. कण तोच, त्याचं पीक, म्हणजे आलेखातला उंचवटा, मात्र सरकलं. (आम्ही सगळे ‘पीक’च म्हणतो. गावाकडून आलेल्या मुलांना पहिले काही दिवस यात ज्वारी दिसते.) आणि तुमचा कण ना हवेत, ना पॉलिमरमध्ये. तो अर्धा इकडे, अर्धा तिकडे आहे. त्यामुळे कोलॉइडच्या (द्रवात तरंगणाऱ्या कणांच्या) पुस्तकातला आकडा उचलून ‘पीक ४२० ला आलं, म्हणजे कण अमुक नॅनोमीटरचे’ असं लिहू नका. एकट्या पिकावरून आकार काढता येत नाही.

सोनं पाण्यात ५२० च्या सुमारास पीक देतं, तांबं ५७० ते ५८० ला. तांब्याचे उघडे कण हवेत लवकर ऑक्सिडाइझ होतात, म्हणून नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. सोनं टिकाऊ, पण क्लोरोऑरिक आम्लाची, म्हणजे ज्यातून सोनं मिळतं त्या रसायनाची, किंमत विभागाच्या खरेदी समितीला घाम फोडते. चांदी स्वस्त पडते आणि तिचं पीक धारदारही येतं, कारण तिच्यातलं दुसऱ्या प्रकारचं शोषण, म्हणजे आतल्या ऊर्जापट्ट्यातले इलेक्ट्रॉन वर उचलले जाणं, ३२० नॅनोमीटरच्या खाली सुरू होतं आणि प्लाझ्मॉनच्या मध्ये लुडबुडत नाही.

आकाराबरोबर घडणही महत्त्वाची. २००४ मध्ये एनसीएलमधल्या मुरली शास्त्रींच्या गटाने गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे त्रिकोणी पापुद्रे बनवले होते. गोल सोनं जिथे ५२० ला थांबतं, तिथे हे त्रिकोण थेट जवळच्या अवरक्त भागात शोषण करत. ज्या पातीने आपण पावसात चहा उकळतो तिच्याच अर्काने हे घडवलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

सामान

पॉलिमर म्हणून पॉलिएस्टर, म्हणजे पीईटीची शीट घ्या. ओएचपीची पारदर्शक शीट त्याचीच असते. आता वर्गावर्गात डिजिटल प्रोजेक्टर आले आहेत, त्यामुळे ती शोधावी लागते. अप्पा बळवंत चौकात मी विचारलं, “काका, ओएचपी शीट आहे का हो?” काकांनी चष्म्यावरून पाहिलं. “कोण वापरतं आता ते?” मग पोटमाळ्यावरून एक धुळकट पुडकं आलं आणि पुडक्याबरोबर “पूर्ण घ्यावं लागेल, सुटं नाही मिळणार” हेही. घ्या पूर्ण. एकाच पुडक्यातल्या शीट सारख्या असतात, आणि प्रकल्पाच्या मध्यावर शीट बदलली की जुने आलेख नव्यांशी जुळत नाहीत. एक काळजी घ्या: इंकजेटची शीट नको. तिच्या एका बाजूला शाई शोषणारा खरखरीत थर असतो. झेरॉक्सची घ्या.

रसायनं चारच लागतात: डोपामीन हायड्रोक्लोराइड, ट्रिस (पीएच स्थिर ठेवणारं बफर), सिल्व्हर नायट्रेट आणि पीएच जुळवायला थोडं विरळ हायड्रोक्लोरिक आम्ल. डिस्टिल्ड पाणी मात्र भरपूर हवं. नळाच्या पाण्यात क्लोराइड असतं आणि चांदीला ते दिसलं की लगेच पांढरं, दह्यासारखं सिल्व्हर क्लोराइड पडतं. खडकवासल्याचं पाणी पिण्याला गोड असेल, या कामाला ते चालत नाही. शेवटची विसळणसुद्धा डिस्टिल्डनेच.

शीटच्या ९ मिलिमीटर रुंद आणि ४ सेंटिमीटर लांब पट्ट्या कापा. १० मिलिमीटरच्या क्युव्हेटमध्ये, म्हणजे मशीनच्या चौकोनी नमुना-नळीत, त्या उभ्या बसतात. पट्ट्यांवर मार्करने नंबर घालू नका. शाई सुटते आणि तिचा स्वतःचा रंग आलेखात येतो. कात्रीने कडेला खाचा पाडा: एक खाच पहिली पट्टी, दोन खाचा दुसरी. पट्ट्या साबणाच्या पाण्याने, मग डिस्टिल्डने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा. यापुढे फक्त चिमट्याने धरायच्या. बोटाचा ठसा शेवटी चांदीत उमटून येतो, अगदी रेषांसकट.

आधी गोंद, मग चांदी

स्वच्छ पीईटीला सिल्व्हर नायट्रेटशी काहीच घेणंदेणं नसतं. पट्टी दिवसभर बुडवून ठेवा, जशीच्या तशी बाहेर येईल. मध्ये असं काहीतरी हवं, जे प्लॅस्टिकला चिकटेल आणि चांदीच्या आयनाला इलेक्ट्रॉनही देईल. पॉलिडोपामीन, म्हणजे डोपामीनचे रेणू एकमेकांना जोडून बनणारा थर, ही दोन्ही कामं करतं. शिंपला खडकाला ज्या रसायनाच्या जोरावर चिकटतो त्याच्याच जातीचं हे. २००७ मध्ये मेसरस्मिथ यांच्या अमेरिकेतल्या गटाने ही पद्धत प्रसिद्ध केली, आणि तेव्हापासून जगभर जो तो कशावरही पॉलिडोपामीन चढवतो आहे.

५० मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात ६१ मिलिग्रॅम ट्रिस विरघळवा. हे झालं १० मिलिमोलर. पीएच वर असेल, तो थेंबथेंब आम्लाने ८.५ वर आणा. पट्ट्या बीकरमध्ये उभ्या राहतील अशा क्लिपांना टांगा आणि मगच १०० मिलिग्रॅम डोपामीन टाका. आडव्या ठेवल्या तर द्रावणात बनणारे काळे कण वरच्या बाजूवर बसतात आणि पट्टीवर तीट लावल्यासारखी दिसते. बीकरवर झाकण नको, कारण ही क्रिया हवेतल्या ऑक्सिजनवर चालते. हलकं ढवळत ठेवा. पाणी आधी गुलाबीसर, मग तपकिरी, मग कोऱ्या चहासारखं होत जातं.

किती वेळ ठेवायचं? २४ तासांत सुमारे ५० नॅनोमीटरचा थर येतो, पण मग पट्टीलाच चांगला तपकिरी रंग चढतो. आपल्याला चांदीचा रंग मोजायचा आहे, गोंदाचा नाही. दोन तास पुरे. पट्टी नुसत्या डोळ्यांना जेमतेम मळकट दिसली पाहिजे. बाहेर काढून तीन वेळा, प्रत्येक वेळी नव्या डिस्टिल्ड पाण्यात विसळा. ट्रिसच्या द्रावणात आम्लाचं क्लोराइड आहे, डोपामीन तर हायड्रोक्लोराइडच आहे. इथे कंटाळा केलात तर पुढचं द्रावण दुधाळ होईल.

मग ८५ मिलिग्रॅम सिल्व्हर नायट्रेट ५० मिलिलिटर पाण्यात घ्या. हेही १० मिलिमोलर. बीकरला बाहेरून ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळा. पट्ट्या सगळ्या एकदम सोडा आणि वेगवेगळ्या वेळी बाहेर काढा: १० मिनिटं, अर्धा तास, १ तास, ३ तास, रात्रभर. रंग फिकट पिवळ्यापासून गडद पिवळ्याकडे, तिथून तपकिरीकडे जातो आणि फार वेळ ठेवलं तर राखाडी धातूची चमक येते. ही पाच पट्ट्यांची रांग हाच तुमचा खरा प्रयोग आहे. एकाच पट्टीवर कोणी प्रबंध लिहू नये.

हातमोजे घाला. सिल्व्हर नायट्रेटचा थेंब बोटावर पडला तर तेव्हा काही दिसत नाही. दुसऱ्या दिवशी काळा डाग उगवतो आणि आठवडाभर मुक्काम करतो. आमच्या लॅबमधले मामा बोटं पाहूनच ओळखायचे, “काल चांदीवाले होते वाटतं!” उरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतू नका. एका बरणीत साठवा आणि त्यात मीठ टाका, म्हणजे चांदी क्लोराइड होऊन तळाशी बसते. एक सक्त ताकीद: चांदी लवकर बसावी म्हणून कोणी अमोनिया घालायला सांगितलं तर ते द्रावण लगेच वापरून नष्ट करा. अमोनियायुक्त चांदीचं द्रावण साठवून ठेवलं तर त्यात स्फोटक संयुग तयार होतं. नवख्याने त्या फंदात पडूच नये.

ब्लँक, ब्लँक आणि ब्लँक

बहुतेक चुका इथेच होतात, म्हणून जरा थांबतो.

ब्लँक म्हणजे ज्याचं शोषण वजा करायचं तो चांदीशिवायचा नमुना. स्पेक्ट्रोमीटरमध्ये (यूव्ही-व्हिजच्या मशीनमध्ये) ब्लँक म्हणून रिकामी हवा ठेवली तर आलेखात पीईटी, पॉलिडोपामीन आणि चांदी तिघांची बेरीज येते. पीईटी ३२० च्या खाली भिंतीसारखं उभं राहतं. तिथून पलीकडे प्रकाश जातच नाही, त्यामुळे त्या भागातल्या कसल्याही खाचाखोचांना अर्थ नाही. पॉलिडोपामीन लालपासून निळ्यापर्यंत सावकाश चढत जातं. या चढावर चांदीचं पीक बसलं की त्याचा माथा डावीकडे, म्हणजे निळ्या बाजूला ढकलल्यासारखा दिसतो. थर जाड, चांदी कमी असेल तर हा फसवा सरकाव चांगलाच मोठा असतो. अशा सरकावाला ‘कणांचा आकार घटला’ असं नाव दिलेले प्रकल्प मी पाहिले आहेत. त्यातला एक माझाच.

योग्य ब्लँक म्हणजे त्याच शीटची, त्याच बीकरमध्ये पॉलिडोपामीन चढवलेली पट्टी, जी सिल्व्हर नायट्रेटऐवजी तेवढाच वेळ साध्या डिस्टिल्ड पाण्यात ठेवली. प्रत्येक खेपेला अशा दोन पट्ट्या बाजूला काढा. चांदीला इलेक्ट्रॉन दिल्यावर पॉलिडोपामीन स्वतःही थोडं बदलतं, त्यामुळे ही वजाबाकी काटेकोर नसते. पण हवेच्या ब्लँकपेक्षा शंभर पटीने बरी.

पट्टी क्युव्हेटच्या प्रकाशाकडच्या भिंतीला सपाट टेकवा. तिरकी बसली तर परावर्तन बदलतं आणि आख्खा आलेख वरखाली होतो. ३५० ते ८०० नॅनोमीटर एवढाच पट्टा घ्या. शोषणांक २ च्या वर गेला तर त्या पट्टीचा माथा विश्वासाचा नाही, कमी वेळाची पट्टी वापरा. आलेखावर बारीक लाटा दिसल्या तर घाबरू नका, फिल्मच्या दोन पृष्ठभागांमध्ये प्रकाश मागेपुढे होऊन त्या येतात. १०० मायक्रॉनच्या शीटमध्ये ५०० नॅनोमीटरजवळ दोन लाटांमधलं अंतर १ नॅनोमीटरहूनही कमी असतं, त्यामुळे २ नॅनोमीटरच्या स्लिटला (मशीन एका वेळी घेतं त्या पट्ट्यात) त्या पुसल्या जातात. पण तुम्ही पीव्हीएची (पॉलिव्हिनाइल अल्कोहोलची) १० मायक्रॉनची फिल्म ओतून केली असेल तर हेच अंतर ८ नॅनोमीटरच्या आसपास होतं, लाटा स्पष्ट दिसतात आणि त्यातलीच एखादी पीक म्हणून खपून जाते. सारख्या अंतराने येत असेल तर ती लाट समजा.

पोलरायझर वापरायचा मोह झाला तर पीईटी सोडा. ती शीट बनवताना ताणलेली असते आणि ध्रुवीकरण स्वतःच फिरवते.

आलेख वाचताना

मशीन ज्याला शोषणांक म्हणतं त्यात खरं शोषण, विकिरण आणि परावर्तन तिन्ही आलेले असतात. पलीकडे जो प्रकाश पोचला नाही तो ‘शोषला’ असं मशीन धरून चालतं. लहान कणात शोषणच जास्त. ते त्रिज्येच्या घनाबरोबर वाढतं. विकिरण सहाव्या घाताबरोबर वाढतं, म्हणून कण मोठे झाले की ते झपाट्याने पुढे जातं. रात्रभर ठेवलेल्या चमकदार पट्टीवर तर बराचसा प्रकाश नुसता परत फिरलेला असतो.

पिकाची जागा, रुंदी आणि ६०० ते ८०० मधली शेपटी, तिन्ही एकत्र पाहा. जागा लालकडे सरकली, पण शेपटी सपाटच असेल, तर कण थोडे मोठे झाले किंवा भोवतालचं माध्यम बदललं. जागा सरकली आणि शेपटीही उचलली गेली, तर कण एकमेकांच्या जवळ आलेत. दोन कणांमधली फट व्यासाच्या अडीच पटीहून जास्त असेल तर ते एकमेकांना जवळजवळ ओळखत नाहीत. फट व्यासाहून कमी झाली की त्यांचे झोके एकमेकांत गुंततात आणि पीक लालकडे ओढलं जातं, पसरतं. पाण्यातल्या कोलॉइडमध्ये असं झालं तर आपण म्हणतो कण गोळा झाले. पृष्ठभागावर कण जागचे हलत नाहीत, वाढता वाढताच शेजाऱ्याला भिडतात. पाच पट्ट्यांच्या रांगेत हे स्पष्ट दिसतं: आधी पीक फक्त उंच होतं, एका टप्प्यानंतर उंचीबरोबर रुंदही होत जातं.

यानंतर एक स्वस्त परीक्षा जरूर करा. तीच पट्टी, तीच जागा: आधी कोरडी मोजा, मग क्युव्हेटमध्ये पाणी भरून, मग ग्लिसरीन भरून. अपवर्तनांक अनुक्रमे १, १.३३, १.४७. ब्लँकही दर वेळी त्याच द्रवात. पीक प्रत्येक वेळी लालकडे सरकलं, तर ते उघड्या कणांच्या प्लाझ्मॉनचंच आहे. अजिबात हललं नाही, तर एक तर कण पॉलिमरमध्ये खोल गाडले गेलेत किंवा तुम्ही पार्श्वभूमीलाच पीक समजता आहात. शेवटी पट्टी धुऊन, वाळवून पुन्हा कोरडी मोजा. ती पहिल्या जागी परत आली नाही, तर कण सुटले किंवा सरकले. अर्ध्या दिवसाच्या या कामाने परीक्षकाचे निम्मे प्रश्न मिटतात.

एसईएमची वेळ मिळाली तर

एसईएम म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या झोताने चित्र काढणारा सूक्ष्मदर्शक. प्लॅस्टिकवर तो झोत पडला की ते भारित होतं आणि चित्र फरफटल्यासारखं येतं. म्हणून मशीनवाले नमुन्यावर आधी पातळ सोनं चढवतात. माझ्या पहिल्या खेपेला तसंच झालं. चित्रात सुंदर, एकसारखे, गोल कण दिसले. मी आनंदाने सरांना दाखवले. सरांनी एकच विचारलं, “ब्लँकचं चित्र कुठंय?” पुढच्या आठवड्यात चांदी नसलेली पट्टी नेली, तिच्यावरही तेच सुंदर, एकसारखे, गोल कण. ते सगळे कोटिंगच्या सोन्याचे दाणे होते. तेव्हा वेळ ठरवतानाच सांगा, की सोनं नको, कार्बन चढवा, किंवा कमी व्होल्टेजवर कोटिंगशिवाय जमेल का ते विचारा. आणि ब्लँक इथेही न्या.

ठेवायचं कसं

चांदीची भांडी वर्षभर कपाटात ठेवली की लक्ष्मीपूजनाला काळी निघतात. हवेतल्या गंधकाच्या संयुगांनी चांदीवर सल्फाइडचा थर येतो. ताटावर तो नुसता वरवरचा असतो, पण २० नॅनोमीटरच्या कणात पृष्ठभागाचं प्रमाण ताटापेक्षा कितीतरी जास्त असतं, त्यामुळे त्याच्यावर हा थर लवकर दिसतो: पीक बुटकं होतं, रुंद होतं, लालकडे सरकतं. म्हणून आलेख शक्यतो त्याच दिवशी काढा. जमलं नाही तर पट्ट्या वाळवून सिलिका जेलच्या पुडीसोबत घट्ट बंद पिशवीत ठेवा.

आणि गठ्ठ्याला रबरबँड लावू नका. साध्या रबरात गंधक असतं. दिवाळीच्या सुट्टीआधी मी पाच पट्ट्या पाकिटात घालून वर एक रबरबँड चढवला होता. परत आलो तेव्हा पाचही पट्ट्यांच्या मध्यावर, बरोबर रबराच्या रुंदीची, एक तपकिरी आडवी रेघ होती, आणि मशीनमधला प्रकाश नेमका तिथूनच जायचा.